तिसऱ्या क्वार्टरनंतरचा टोस्ट

ज्या राष्ट्रगीताला खुद्द त्याच्या देशानं १९१७ साली मूठमाती दिली, ते मी फिलाडेल्फियात फुटबॉलच्या मैदानावर ऐकलं. अलेक्सेई ल्वॉव्हनं १८३३ मध्ये रशियाच्या झारसाठी बांधलेली ती चाल. चायकॉव्हस्कीच्या '१८१२ ओव्हर्चर'मध्ये शेवटाकडे घंटा आणि तोफांच्या गदारोळात ती येते, तेवढीच माझ्या कानाला ओळखीची. क्रांती झाली, झार गेला आणि त्याच्याबरोबर त्याचं गीतही गेलं. इथं मात्र नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारच्या पिवळ्या उन्हात, पेन्सिल्वेनिया विद्यापीठाचा बँड ती चाल मन लावून वाजवत होता. आमच्या आजूबाजूची पाच-सहा माणसं उभी राहिली होती. बाकीची प्रेट्झेल खात होती.

"हे कुठलं गाणं?" मी भाचीला विचारलं.

"आपलंच असेल," ती म्हणाली. दुसरं वर्ष चालू आहे तिचं.

आपलंच होतं. 'हेल, पेन्सिल्वेनिया!' हे त्या विद्यापीठाचं मातृगीत. शब्द एडगर डिली नावाच्या विद्यार्थ्याचे, १८९०च्या दशकातले. चाल आधी पक्की केली आणि तिच्यात बसतील असे शब्द नंतर मागवले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. किर्लोस्करांपासून आपल्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे कुठल्या तरी लावणीचा नाहीतर कानडी पदाचा हवाला दिलेला असायचाच. अमेरिकन कॉलेजांनी मात्र उसनवारीची कमाल केली. त्या दिवशी समोर खेळायला उतरलेल्या कॉर्नेलचं मातृगीत 'अ‍ॅनी लाईल' या १८५७ सालच्या एका रडक्या गाण्याच्या चालीवर आहे. त्यातली बिचारी मुलगी आजारानं मरते. तीच चाल पुढे देशभरातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांनी उचलली. येलचं गीत एका जर्मन देशभक्तिगीताच्या चालीवर बेतलेलं आहे. जर्मनीशी दोन महायुद्धं लढली तरी येलनं ती चाल सोडली नाही. चाल कुठून आली याची फिकीर तेव्हा कुणाला नव्हती, कारण गाणारे भरपूर होते.

आता चाली आहेत, बँड आहे, छापील शब्दही आहेत. गाणारे कुठे गेले, हे बघायला मी आलो होतो असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी भाचीला भेटायला आणि तिच्या आईनं दिलेली चटणी पोचवायला गेलो होतो. पण "शनिवारी मॅच आहे, येतोस का?" असं तिनं विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस कोल्हापुरात जन्मत नाही. फुटबॉल म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम उभं राहतं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, हलगीचा कडकडाट, आणि प्रतिस्पर्धी पेठेच्या सात पिढ्यांचा उद्धार. अमेरिकेतला फुटबॉल हा वेगळाच प्रकार. त्यात चेंडूला पाय क्वचित लागतो आणि खेळापेक्षा थांबणं जास्त. प्रेक्षक मात्र इथून तिथून सारखेच असतील, असा माझा अंदाज होता.

थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवरून आम्ही चालत निघालो. लोकस्ट वॉक हा विद्यापीठाच्या मधोमध जाणारा विटांचा पादचारी रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं, आणि एका बाकावर बेंजामिन फ्रँकलिन काशाचं वर्तमानपत्र घेऊन बसलेला. विद्यापीठ त्याचंच. संघाचं नाव मात्र 'क्वेकर्स', म्हणजे ज्या पंथाच्या विल्यम पेननं ही वसाहत वसवली त्या पंथाचे लोक. युद्धाला विरोध करणारे, शांत, साधे, दारूपासून चार हात दूर राहणारे. त्यांच्या नावानं ही अंगावर धावून जाणारी मुलं खेळतात आणि त्यांच्या नावावर जे सर्वांत प्रसिद्ध गाणं जमा आहे ते व्हिस्की-सोड्याबद्दल आहे. त्याच्याकडे येतोच.

मध्येच एक खुलासा करतो, कारण फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतात आणि त्या पेनच्या, म्हणजे याच विद्यापीठाच्या, विद्यार्थिनी होत्या असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांचं कॉलेज वेगळं. ते विमेन्स मेडिकल कॉलेज शहराच्या उत्तरेला होतं. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना तिथं पदवी मिळाली आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून आल्या. पुढे रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या माणसांच्या सवयींवर त्यांची नजर किती बारीक फिरली आहे! पुढे येणारा टोस्टचा प्रकार तेव्हा असता तर त्यांनी नक्की टिपला असता, आणि खास कौतुकानं टिपला नसता.

फ्रँकलिन फील्ड १८९५ पासून या जागेवर आहे. आताची विटांची, कमानींची, घोड्याच्या नालेच्या आकाराची वास्तू १९२२ मधली, आणि वरचा मजला १९२५ मधला. आत बावन्न हजारांच्या वर माणसं बसतात. चाळीसच्या दशकात ती खरोखर बसायची. चक बेडनॅरिक इथंच घडला. युद्धात बॉम्बफेकी विमानातून मोहिमांवर जाऊन आलेला हा पोरगा पेनसाठी खेळला आणि पुढे फिलाडेल्फिया ईगल्सचा दंतकथा झालेला खेळाडू ठरला. ईगल्सनीही १९५८ ते १९७० इथंच मुक्काम ठोकला होता. १९६०चा व्यावसायिक अजिंक्यपदाचा सामना त्यांनी याच मैदानावर ग्रीन बे पॅकर्सना १७-१३ असं हरवून जिंकला.

आम्ही आत शिरलो तेव्हा मैदान प्रचंड आणि माणसं तुरळक होती. वरचा मजला पूर्ण रिकामा. खाली आमच्या बाजूला काही हजार असतील, त्यात खेळाडूंचे आईबाप, माजी विद्यार्थी, लाल-निळ्या टोप्या घातलेली लहान मुलं. विद्यार्थ्यांचा कोपरा त्यातल्या त्यात गजबजलेला. काँक्रीटच्या बाकांवर बसलं की थंडी कमरेतून वर चढते, म्हणून अनुभवी लोक बसायला घडीची उशी आणतात. आम्ही अनुभवी नव्हतो.

ही गर्दी ओसरली त्याला कारण आहे. १९५४ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेन वगैरे आठ विद्यापीठांनी करार केला की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, अभ्यास आधी. हीच आयव्ही लीग. निर्णय शहाणपणाचा होता, हे मी मनापासून म्हणतो. पण देशातले सर्वांत तगडे खेळाडू दुसरीकडे गेले आणि त्यांच्यामागे गर्दीही गेली. दक्षिणेत आणि मध्य-पश्चिमेत आजही लाख-लाख माणसं कॉलेजचा सामना बघायला जमतात. मिशिगनचं स्टेडियम एक लाख सात हजारांचं आहे, आणि तिथं १८९८ मध्ये लुई एल्बेल या विद्यार्थ्यानं लिहिलेलं 'द व्हिक्टर्स' सगळ्यांना तोंडपाठ असतं. जेराल्ड फोर्ड मिशिगनकडून खेळलेले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर आपल्या आगमनाला सरकारी धूनऐवजी कधी कधी तेच गाणं वाजवायला लावायचे म्हणे. पण तिथंही आताच्या पोरांचा आवाज खरा फुटतो तो लाउडस्पीकरवर 'मिस्टर ब्राइटसाइड' लागलं की. ते गाणं 'द किलर्स' या लास व्हेगासच्या रॉक बँडचं. त्यात मिशिगन नाही, फुटबॉल नाही, एका मुलाची प्रेयसीवरून झालेली जळफळ तेवढी आहे.

माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. गळ्यात लाल-निळा लोकरी मफलर, त्याची टोकं धुऊन धुऊन गुलाबी पडलेली. साठच्या दशकात पदवी घेतलेले. 'हेल, पेन्सिल्वेनिया!'ला जी पाच-सहा माणसं उभी राहिली त्यातले ते एक, आणि ओठ हलत होते ते बहुधा त्यांचे एकट्याचेच. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला खेळ समजावून द्यायला सुरुवात केली. चार क्वार्टर, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे. (खेळातले क्वार्टर. आपल्याकडच्या वाचकांचा गैरसमज नको, जरी पुढे तोही विषय येणार आहे.) चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. इतकं कळलं की बाकीचं बघता येतं.

त्यांना खेळापेक्षा बँडमध्ये जास्त रस होता. पेनचा बँड १८९७ चा. शिस्तीत पावलं टाकत नक्षी काढणारा हा बँड नव्हे. मैदानात सैरावैरा पळत जाऊन कशीतरी आकृती करायची, सूत्रसंचालकानं थट्टा करायची, आणि पुन्हा पळत सुटायचं, हा त्यांचा बाणा. "निदान ही पोरं तरी गाणी वाजवतात," आजोबा म्हणाले. "शब्द मात्र कुणाला येत नाहीत. आम्हाला पाठ करावीच लागायची."

कोण पाठ करून घ्यायचं? वरच्या वर्गातली मुलं. जुन्या अमेरिकन कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या पोरांना डोक्याला चिकटून बसणारी छोटी टोपी घालून हिंडावं लागे, आणि रस्त्यात कुणी सीनियरनं अडवलं की तिथल्या तिथं कॉलेजचं गाणं म्हणून दाखवावं लागे. आलं नाही तर शिक्षा. म्हणजे सरळ रॅगिंगच. साठच्या दशकात ते सगळं गेलं आणि गेलं ते उत्तम झालं. पण गाण्यांची शाळाही त्याबरोबर बंद झाली, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. व्हिएतनामच्या वर्षांत कॉलेजच्या झेंड्याकडे बघून छातीवर हात ठेवणं पोरांना हास्यास्पद वाटू लागलं. मुली वर्गात आल्या आणि 'पुत्र', 'बंधू' असे शब्द ठायी ठायी असलेली गीतं म्हणताना त्यांनी साहजिकच तोंड मिटलं. प्रिन्स्टननं १९८७ मध्ये आपल्या गीतातले 'पुत्र' काढून शब्द बदलले. पेनमध्येही १८६२ पासूनचा पुरुषांचा ग्ली क्लब, म्हणजे गायनवृंद, अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, सर्वांना खुला झाला. हे बदल आधी झाले असते तर गाणी जास्त जगली असती, असं माझं मत आहे. आजोबांचं नाही. ते म्हणाले, शब्द बदलले की जुने लोक गप्प बसतात आणि नवे लोक तर गातच नव्हते.

तेवढ्यात भाचीच्या दोन मैत्रिणी आल्या. एकीच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत पांढऱ्या स्लाइस ब्रेडच्या लाद्या, अर्ध्या भाजलेल्या, अर्ध्या कच्च्या.

"मामा, तुझे हे चार," भाचीनं माझ्या हातात थप्पी ठेवली. "लगेच खाऊ नकोस."

आता ते व्हिस्की-सोड्याचं गाणं. 'ड्रिंक अ हायबॉल' असं त्याचं नाव. हायबॉल म्हणजे उंच पेल्यात बर्फ, व्हिस्की आणि वर सोडा. गाण्यात पेला उचलायचं आवाहन आहे आणि शेवटी विद्यापीठाच्या नावानं टोस्ट, म्हणजे पेला उंचावून केलेली शुभकामना. तिसरा क्वार्टर संपला की हे म्हणायचं आणि खिशातल्या चपट्या बाटलीतून एक घोट घ्यायचा, असा रिवाज. आजोबांच्या वेळी खरोखर घोटच घेत. सत्तरच्या दशकात स्टेडियममध्ये दारू आणायला बंदी झाली. गाणं राहिलं, पेला गेला. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की गाण्यात टोस्ट म्हटलंय ना, मग टोस्टच घ्या! आणि भाजलेला ब्रेड मैदानावर भिरकावला गेला. त्याच सुमारास 'रॉकी हॉरर पिक्चर शो' या सिनेमाच्या मध्यरात्रीच्या खेळांना प्रेक्षक पडद्यावरच्या संवादांना उत्तर म्हणून टोस्ट फेकत. तिथून ही कल्पना आली असंही सांगतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना मारक नाहीत. कोटी इतकी बाळबोध आहे की ती दोघातिघांना एकाच वेळी सुचली असती तरी नवल नाही.

क्वार्टर संपल्याची शिट्टी झाली. जे विद्यार्थी इतका वेळ मोबाइलमध्ये मान घालून बसले होते ते एकदम बाकांवर उभे राहिले. बँडनं सुरुवात केली. मी कान देऊन ऐकत होतो. पहिल्या ओळींना नुसता गलका, काही जणांची 'ला ला ला', बहुतेकांच्या हातात तयार टोस्ट. शब्द फक्त शेवटच्या ओळीचे स्पष्ट उठले, कारण तिथंच फेकायचं असतं. आणि मग आमच्या डोक्यांवरून ब्रेडचा मारा सुरू झाला.

फेकण्याचंही शास्त्र आहे. कच्ची स्लाइस हवेत वाकते आणि पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मानेवर पडते. नुसत्या कडा भाजलेला टोस्ट मध्येच दम तोडतो. दोन्ही बाजूंनी करपेपर्यंत भाजून, रात्रभर उघडा ठेवून कडकडीत झालेला टोस्ट मनगटाच्या झटक्यानं आडवा सोडला तर चकतीसारखा फिरत लांब जातो. तरीही मैदान लांबच. मध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. ज्या पेन रिलेज शर्यतींसाठी १८९५ मध्ये हे मैदान उघडलं, त्यांचा ट्रॅक. दहातले नऊ टोस्ट त्या ट्रॅकवरच उतरले. एका पोरानं अख्खी लादी प्लास्टिकच्या पिशवीसकट भिरकावली. ती मात्र थेट मैदानापर्यंत गेली आणि तिला त्या दिवसाची सर्वांत मोठी दाद मिळाली.

माझा हात वर गेला आणि तिथंच थांबला. ज्या घरात ताटात भाताचं शीत उरलं तरी आई नुसती बघायची, त्या घरात वाढलेल्या माणसाला ब्रेड फेकायला सांगणं म्हणजे काय ते तिथल्या कुणाला कळणार नव्हतं. "मामा, फेक ना!" भाची ओरडली. सर्वांत करपलेली स्लाइस, जी कुणी खाल्लीच नसती, ती मी फेकली. ट्रॅकच्या अलीकडेच पडली. उरलेल्या तीनपैकी एक खाल्ली. आजोबा हे सगळं बघत होते. त्यांनी आतापर्यंत एकही टोस्ट फेकला नव्हता.

"आवडत नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"माझ्या वेळचं नाही ते," ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "पण त्याच्यामुळे ते गाणं अजून वाजतं, हे मला नाकारता येत नाही."

गंमत अशी की विद्यापीठाला ही नासधूस थांबवावी असं वाटलं नाही. ती निस्तरायची सोय तेवढी केली. ट्रॅकवर एक गाडी आली, बर्फाच्या रिंकवर फिरवतात त्या झांबोनीच्या धर्तीवर तिचंही नाव पडलेलं. खालच्या झाडूनं टोस्ट ओढत, चुरा करत, पोटात घेत ती डौलात निघाली. तिला टाळ्या मिळाल्या. गाडी चालवणाऱ्यानं हात हलवला. काही पाखरं तिच्या मागच्या पट्ट्यावर उतरली, कारण कोपऱ्यातला चुरा तिला पोचत नाही.

आणि गाडी अर्धा फेरा मारते न मारते तोच विद्यार्थ्यांचा कोपरा रिकामा व्हायला लागला. भाचीच्या मैत्रिणी पिशवीची घडी घालून निघाल्या. भाचीही उठली. "सोमवारी मिडटर्म आहे, मी लायब्ररीत जाते. तू बघ शेवटपर्यंत, मग फोन कर." पंधरा मिनिटांचा खेळ बाकी होता, सामना अटीतटीचा होता, आणि लोक टोस्ट फेकून झाला म्हणून घरी निघाले होते. शाहू स्टेडियममध्ये असं कुणी उठलं असतं तर पेठेत परत तोंड दाखवता आलं नसतं.

इथं मला या सगळ्या प्रकाराचं मर्म सापडल्यासारखं वाटलं. ज्या गाण्यात काहीतरी करायचं असतं, आणि जे करताना थोडंसं वाह्यात वाटतं, ते पोरांनी धरून ठेवलंय. झारच्या चालीवरचं गंभीर गीत विद्यापीठानं जपलं, छापलं, समारंभात वाजवलं, आणि ते कुणाला येत नाही. दारूचं गाणं दारूबंदीनंतरही टिकलं. नुसतं टिकलं नाही, त्याला नवीन हात फुटले. मात्र हा नियम सगळीकडे लावता येत नाही. फ्रँकलिन फील्डला लागूनच १९२७ सालचं 'पॅलेस्ट्रा' आहे, बास्केटबॉलचं. तिथं आपल्या संघाची पहिली बास्केट पडली की प्रेक्षक रंगीत कागदाच्या लांबलचक फिती कोर्टावर सोडत. सगळं कोर्ट झाकून जाई आणि झाडल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. ऐंशीच्या दशकात त्यावर नियम आला, फिती टाकल्या तर संघाला दंड. ती परंपरा तिथंच संपली. फरक इतकाच की दारूबंदीनं शिक्षा प्रेक्षकाला होत होती आणि फितींची शिक्षा संघाला. पोरं स्वतःसाठी नियम मोडायला तयार असतात, संघाचे गुण घालवायला नाही.

शेवटचा क्वार्टर मी आणि आजोबा आणि आसपास विखुरलेली माणसं, असा आम्ही पाहिला. कॉर्नेलचा बँड पलीकडून 'गिव्ह माय रिगार्ड्स टू डेव्ही' वाजवत होता. तेसुद्धा उसन्या चालीचं, ब्रॉडवेच्या एका लोकप्रिय गाण्यावरून उचललेलं. त्यांच्या बाजूला माणसं आमच्याहून कमी, पण सगळी गात होती. प्रवास करून आलेले लोक नेहमीच जास्त गातात, हा माझा भजनी मंडळांवरून बनलेला जुना सिद्धांत आहे.

सामना संपला आणि पेनचे काही खेळाडू शिरस्त्राणं काढून बँडच्या दिशेनं आले. घामानं केस चिकटलेले, एकाच्या कोपरावरून रक्त. बँडनं 'द रेड अँड ब्लू' धरलं. हे पेनचं खरं लाडकं गीत, तेही १८९०च्या दशकातलं, दोन विद्यार्थ्यांनी रचलेलं. आजोबा उभे राहिले. मीही राहिलो. मोबाइलवर शब्द शोधायला लागलो तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बघून म्हणायचं नाही. नाही आलं तर हात हलवा."

धृपदाला उजवा हात छातीजवळून पुढे, पुन्हा छातीजवळ, लयीत. बोटं जुळलेली. पहिल्यांदा माझा हात तालाच्या पुढे गेला, त्यांनी कोपराला धरून मागे ओढला. दुसऱ्यांदा जमला. त्यांचा आवाज चांगला होता, खर्जातला, आणि प्रत्येक कडव्याचा प्रत्येक शब्द त्यांना येत होता. खेळाडूंपैकी निम्मे नुसते हात हलवत होते. त्यातला एक दांडगा पोरगा मात्र डोळे मिटून मोठ्यानं गात होता, साफ बेसूर.

नंतर भाचीला विचारलं तेव्हा कळलं की हे गाणं तिनंही म्हटलंय. प्रवेश घेतल्यावर स्वागताच्या समारंभात ग्ली क्लबनं सगळ्यांकडून म्हणून घेतलं होतं. आता थेट पदवीदानाला म्हणायचं, याच मैदानात, झगे घालून. मधली चार वर्षं सुट्टी.

बाहेर पडताना आजोबा साउथ स्ट्रीटच्या पुलापर्यंत बरोबर आले. खाली स्कूलकिल नदी, तिच्या काठानं एक्स्प्रेसवेवर गाड्यांचे दिवे. १९८२ची गोष्ट त्यांनी मला तिथं कठड्याला टेकून सांगितली. पेन कित्येक वर्षं तळाला होतं. त्या नोव्हेंबरात हार्वर्डविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनच्या डेव्ह शुलमनची किक हुकली, सगळं संपलं असं वाटलं. पण हार्वर्डच्या खेळाडूनं त्याला धडक दिली म्हणून पंचांनी पुन्हा संधी दिली, आणि दुसरी किक खांबांच्या मधून गेली. २३-२१. प्रेक्षक मैदानात घुसले, गोलपोस्ट उपटले, खांद्यावर घेऊन या पुलापर्यंत आणले आणि नदीत ढकलून दिले. पुढच्या विजेतेपदांनाही तसंच करायचा पायंडा पडला.

"तुम्ही होतात त्यात?"

"मी तेव्हा चाळिशीचा होतो, टाय घातलेला," ते म्हणाले. "मागचं टोक माझ्याकडे होतं. आणि येताना सगळे 'रेड अँड ब्लू' म्हणत होते. एक सांगू? तेव्हाही अर्ध्यांना शब्द येत नव्हते."

मग त्यांची बस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला बहिणीशी व्हिडिओ कॉल झाला. भाची अभ्यासात, त्यामुळे मीच सगळं सांगितलं. झारचं गीत, घोड्याच्या नालेचं मैदान, आजोबांचा मफलर. बहीण फक्त ब्रेडपाशी अडकली.

"फेकतात? चांगला ब्रेड?"

"भाजलेला."

"आणि ही आपली पण फेकते?"

"सगळेच फेकतात गं. गाणं असतं त्याला."

"गाणं म्हणा की मग, ब्रेड कशाला?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि ते झाडतं कोण सगळं?"

"मशीन आहे त्याला."

"मग बरं," ती म्हणाली. "चटणी दिलीस का?"